१४ वर्षांच्या मुलाला मायग्रेन: गोळी नेमकी कधी द्यावी आणि शाळेचे काय करावे?

ओंजळ

माझ्या १४ वर्षांच्या मुलाला वर्षभरापासून मायग्रेनचा त्रास आहे. चष्म्याचा नंबर बदलला असावा असे आम्हाला आधी वाटले होते, परंतु डोळे तपासून झाले, बालरोगतज्ज्ञांनी सविस्तर तपासणी केली आणि हे मायग्रेनच असल्याचे सांगितले. त्याचे कपाळ आणि दोन्ही कानशिले ठणकतात, उजेड आणि आवाज सोसत नाही, मळमळते, आणि बहुतेक वेळा उलटी होऊन गाढ झोप लागली की मगच तो सावरतो. महिन्यातून चार-पाच वेळा तरी असे होते. कधी शाळेत असताना होते, तर कधी सुट्टीच्या दिवशी, उशिरापर्यंत निवांत झोपून उठल्यावर. सुट्टीच्या दिवशी ना अभ्यासाचा ताण असतो ना धावपळ, तरी डोके का दुखावे, याचा उलगडा होत नाही.

डॉक्टरांनी आयब्युप्रोफेन दिले आहे आणि दुखायला लागताच द्यावे असे सांगितले आहे. घरातील वडीलधाऱ्यांना मात्र एवढ्या लहान वयात वेदनाशामकाची सवय लागेल अशी धास्ती वाटते, त्यामुळे दर वेळी गोळी देण्यापूर्वी चर्चा होते आणि त्यात वेळ जातो. शाळेत वेगळीच अडचण आहे. गोळी कार्यालयात ठेवलेली असते. ती मागण्यासाठी सगळ्यांसमोर वर्गातून उठून जावे लागते, आणि ते टाळण्यासाठी मुलगा त्रास अंगावर काढतो. घरी पोहोचतो तेव्हा त्याचा चेहरा पांढराफटक पडलेला असतो आणि गोळी पोटात टिकत नाही.

गोळी किती लवकर आणि महिन्यात किती वेळा देणे सुरक्षित आहे, शाळेशी याबाबत कसे बोलावे, आणि त्याला सतत "डोके दुखते का?" असे विचारणे योग्य की अयोग्य, याविषयी जाणकारांनी आणि यातून गेलेल्यांनी कृपया मार्गदर्शन करावे. दोन्ही बाजूंनी दुखत असेल तर ते मायग्रेन नसते, असेही काहींनी सांगितल्याने मन थोडे साशंक आहे.

पहाटवारा

मी बालरोगतज्ज्ञ आहे. तुमच्या मुलाला मी तपासलेले नाही, तेव्हा औषधाचे अंतिम प्रमाण त्याच्या डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावे. मात्र तुमच्या प्रश्नांमागची भीती मला रोज भेटते, म्हणून थोडे विस्ताराने लिहिते.

शेवटची शंका आधी दूर करते. मुलांमध्ये आणि किशोरवयात मायग्रेनची वेदना दोन्ही बाजूंना, कपाळावर आणि कानशिलांवर असणे अगदी नेहमीचे आहे. डोक्याची एकच बाजू दुखणे हे प्रौढांमध्ये अधिक आढळते. डोकेदुखीच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात प्रौढांसाठी उपचाराविना ४ ते ७२ तास टिकणारे दुखणे मायग्रेनमध्ये धरले जाते, तर १८ वर्षांखालील मुलांसाठी हीच मर्यादा २ तासांपासून सुरू होते. त्यामुळे दुपारी सुरू होऊन झोपेनंतर संध्याकाळी थांबलेले दुखणेही खरेखुरे मायग्रेनच असू शकते, आणि "इतक्यात बरा कसा झाला?" असा संशय त्या मुलावर घेऊ नये.

आता गोळीबद्दल. मायग्रेनमध्ये चेहरा व मेंदूची आवरणे यांच्याकडून संवेदना नेणारी ट्रायजेमिनल मज्जातंतूची यंत्रणा उद्दीपित होते, सीजीआरपीसारखी वेदना वाढवणारी द्रव्ये स्रवतात आणि काही वेळाने मेंदूतील पुढची वेदनाकेंद्रेही अतिसंवेदनशील होतात. हा टप्पा ओलांडला की साधी वेदनाशामके कमी पडू लागतात. शिवाय झटक्याच्या काळात जठराची हालचाल मंदावते, म्हणून उशिरा घेतलेली गोळी पोटात पडून राहते किंवा उलटीतून बाहेर येते. निखारा असतानाच विझवावा तसे हे आहे: दुखणे सुरू झाल्यापासून शक्यतो पहिल्या अर्ध्या तासात गोळी घेतली गेली पाहिजे. आयब्युप्रोफेनचे नेहमीचे प्रमाण वजनाच्या दर किलोमागे १० मिलिग्रॅम असते. वाढत्या वयाच्या मुलाचे वजन वर्षभरात बरेच बदलते आणि जुनाच, अपुरा डोस चालू राहतो, असे वारंवार दिसते. तेव्हा वजन करून प्रमाण पुन्हा विचारून घ्यावे. त्यासोबत थोडे खाणे आणि भरपूर पाणी द्यावे. ॲस्पिरिन मात्र किशोरवयात डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय देऊ नये, कारण विषाणूजन्य आजारात दिलेल्या ॲस्पिरिनचा संबंध रेय सिंड्रोम या यकृत व मेंदूच्या गंभीर विकाराशी आढळलेला आहे.

वडीलधाऱ्यांची धास्ती निराधार नाही. फक्त ती वेळेला नव्हे, तर दिवसांच्या संख्येला लावायला हवी. साधी वेदनाशामके महिन्यातून १५ किंवा त्याहून अधिक दिवस, आणि ट्रिप्टान या खास मायग्रेनसाठीच्या गटातील किंवा एकाहून अधिक घटकांची मिश्र औषधे १० किंवा अधिक दिवस, अशी तीन महिन्यांहून जास्त काळ घेतली गेली तर औषधामुळेच रोजची डोकेदुखी जडू शकते. आठवड्यात दोन दिवसांहून अधिक वेळा गोळी लागू लागली, तर ती गोळी नाकारण्याऐवजी डॉक्टरांना भेटावे. महिन्यातून चार-पाच वेळा, योग्य प्रमाणात आणि लगेच घेतलेल्या गोळीने सवय लागत नाही. मूत्रपिंडाचा आजार, पोटातील व्रण किंवा वेदनाशामकाने वाढणारा दमा असेल, तर मात्र पर्याय निराळा निवडावा लागतो.

वेळेवर दिलेले आयब्युप्रोफेन पुरत नसेल, तर किशोरवयासाठी ट्रिप्टान गटातील औषधे उपलब्ध आहेत. अमेरिकेच्या औषध नियामकाने रिझाट्रिप्टानला ६ ते १७ वर्षे वयोगटासाठी आणि झोल्मिट्रिप्टानच्या नाकातील फवाऱ्याला १२ वर्षांपासून पुढे मान्यता दिलेली आहे. उलटी लवकर होत असेल तर फवारा किंवा जिभेवर विरघळणारी गोळी सोयीची ठरते, आणि उलटी थांबवणारे औषधही सोबत देता येते. हे सारे डॉक्टरांना विचारावे.

सुट्टीच्या सकाळचे दुखणे हे झोपेच्या आणि जेवणाच्या वेळा एकदम सरकल्यामुळे होते. किशोरवयात शरीराचे घड्याळ आपोआपच पुढे सरकते, रात्री लवकर झोप येत नाही, शाळेच्या दिवसांत झोपेची थकबाकी साचते आणि सुट्टीत ती एका दमात वसूल केली जाते. संवेदनशील मेंदूला कमी झोप जितकी सोसत नाही, तितकाच हा अचानक बदलही सोसत नाही. १३ ते १८ वर्षांच्या मुलांना ८ ते १० तास झोप हवी असते. सुट्टीच्या दिवशी रोजच्यापेक्षा फार तर तासभर उशिरा उठावे, आणि उठल्यावर पाणी व न्याहारी यांत दिरंगाई करू नये. पुष्कळ मुलांच्या बाबतीत हा एकच बदल सर्वांत जास्त गुण देतो, असे मी पाहिले आहे.

एक गोष्ट लक्षात असू द्या. क्षणार्धात शिगेला पोहोचणारे अतितीव्र दुखणे, ताप आणि मान ताठणे, हात-पाय लुळे पडणे, आकडी (फिट) येणे, शुद्ध हरपणे किंवा डोक्याला मार लागल्यानंतर वाढत जाणारे दुखणे, यांपैकी काहीही दिसले तर ताबडतोब रुग्णालय गाठावे. दुखण्याने रोज झोपेतून जाग येणे, पहाटेच्या उलट्या, खोकताना किंवा वाकताना वाढणारी वेदना, एकाचे दोन दिसणे, चालताना तोल जाणे, स्वभावात झालेला लक्षणीय बदल किंवा केवळ डोक्याच्या मागच्या बाजूला दुखणे, यांसाठी लवकर तपासणी हवी. यांपैकी काही नसेल आणि तपासणी सर्वसामान्य असेल, तर मेंदूचा स्कॅन करण्याची सहसा गरज पडत नाही.

निळीशाई

ताई, तुमच्या तिसऱ्या प्रश्नाबद्दल मला लिहायचे आहे, कारण मी सातवीत असल्यापासून हे दुखणे ओळखते आणि आता नोकरी करते.

डोके दुखण्याच्या कितीतरी आधी माझे शरीर सूचना देऊ लागते. ओळीने जांभया येतात, मान आखडते, साधे वाक्य पुन्हा पुन्हा वाचावे लागते आणि कारण नसताना चिडचिड होते. कधी कधी नजरेच्या एका कडेला दातेरी, लकाकणारी रेघ उमटते, ती हळूहळू पसरत जाते आणि समोरच्या माणसाचा अर्धा चेहरा त्यात गायब होतो. साधारण अर्ध्या तासाने ती विरते आणि मग ठणका सुरू होतो. शाळेत असताना ही चिन्हे म्हणजे दुखण्याचाच भाग आहे, हे मला कोणी सांगितले नव्हते. ज्या दिवशी एका डॉक्टरांनी ते कागदावर लिहून समजावले, त्या दिवसापासून मला पहिल्यांदा असे वाटले की आता हे माझ्यावर अचानक कोसळणार नाही. तुमच्या मुलाला त्याची स्वतःची चिन्हे शोधायला मदत करा. तो सांगेल ती चिन्हे तुम्हाला दिसणाऱ्या चिन्हांहून वेगळी असतील, आणि त्याचीच खरी मानावीत.

"डोके दुखते का?" या प्रश्नाने दुखणाऱ्या माणसाचे सारे लक्ष पुन्हा डोक्याकडेच जाते. दिवसातून अनेकदा असे विचारले गेले की चांगल्या दिवशीही माणूस स्वतःची चाचपणी करत राहतो, आणि आईला वाईट वाटू नये म्हणून खोटे उत्तर देऊ लागतो. त्यापेक्षा दोघांनी मिळून एक संकेत ठरवावा. त्रास सुरू झाला की तो स्वतः सांगेल, आणि त्याने सांगितले की कोणीही प्रश्न न विचारता ठरलेल्या गोष्टी होतील: गोळी, पाणी, पडदे ओढलेली खोली, कपाळावर गार पट्टी, उलटीसाठी उशाशी भांडे. इतर वेळी त्याच्याशी त्याच्या खेळाबद्दल, मित्रांबद्दल, वाचनाबद्दल बोलावे. दुखणे ओसरल्यावरही दिवसभर डोके जड आणि मन सुन्न राहते, तेव्हा "आता बरा झालास ना, मग राहिलेला अभ्यास पूर्ण कर" असे लगेच म्हणू नये, ही माझी कळकळीची विनंती आहे.

काळा चष्मा त्याने घरातही सतत घालू नये. झटक्याच्या वेळी तो उपयोगी पडतो, पण रोज अंधारात राहिले की डोळ्यांची उजेडाविषयीची नाजूकता वाढत जाते.

फळा_खडू

मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतो, म्हणून शाळेपुरतेच लिहितो.

वर्गशिक्षकांना तोंडी सांगणे पुरेसे होत नाही, कारण एका मुलाला दिवसभरात सहा-सात शिक्षक शिकवतात आणि ज्या तासाला डोके दुखते त्या तासाचे शिक्षक नेमके अनभिज्ञ असतात. डॉक्टरांकडून एका पानाचे पत्र घ्यावे. त्यात निदान, औषधाचे नाव आणि प्रमाण, ते किती वेळात मिळायला हवे, त्यानंतर किती वेळ शांत जागी पडून राहू द्यावे आणि कोणत्या लक्षणांवर पालकांना तातडीने बोलवावे, एवढे स्पष्ट लिहिलेले असावे. हे पत्र घेऊन मुख्याध्यापकांना प्रत्यक्ष भेटावे आणि त्या भेटीत मुलालाही सोबत न्यावे. स्वतःच्या आजाराबद्दल तो दोन वाक्ये जरी स्वतःच्या तोंडाने बोलला, तरी शिक्षकांची त्याच्याकडे पाहण्याची दृष्टी बदलते आणि त्याचाही संकोच कमी होतो.

गोळी स्वतःजवळ ठेवू देण्याचा नियम प्रत्येक शाळेत वेगळा असतो. परवानगी मिळत नसेल तर ती कार्यालयाच्या कुलुपात न ठेवता जवळच्या शिक्षककक्षात ठेवता येईल का, आणि हात वर करून कारण सांगण्याऐवजी बाकाच्या कोपऱ्यावर एक रंगीत कार्ड ठेवले की त्याने निघून जावे, असे ठरवता येईल का, हे विचारावे. माझ्या एका विद्यार्थिनीसाठी आम्ही अशी व्यवस्था केली होती. ती कार्ड ठेवून उठायची, शेजारची मुलगी तिची वही बंद करून ठेवायची, आणि तास चालू राहायचा. पंचवीस-तीस मिनिटे अंधाऱ्या खोलीत पडून ती बहुतेक वेळा वर्गात परत येत असे, जी पूर्वी थेट घरी जायची.

पाण्याची बाटली बाकावर ठेवण्याची आणि तासाच्या मध्ये लघवीला जाण्याची मुभा ही या पत्रात आवर्जून मागावी. पुष्कळ मुले शौचालयात जावे लागू नये म्हणून शाळेत पाणीच पीत नाहीत. बसायची जागा खिडकीच्या थेट उजेडापासून आणि लुकलुकणाऱ्या दिव्यापासून दूर असावी. परीक्षेत झटका आल्यास काय करायचे, हे परीक्षेच्या बरेच आधी लेखी ठरवावे. त्या सकाळी धावपळ करून काहीही साधत नाही. आणि शक्य तितके शाळेत येऊ द्यावे. लांबलेल्या गैरहजेरीनंतर परत येणे मुलांना दुखण्याइतकेच अवघड जाते.

ओंजळ

आपणा सर्वांचे मनापासून आभार. संकेत ठरवण्याची कल्पना मुलाला सांगितली, तर त्याने स्वतःहून जांभयांचे आणि मान आखडण्याचे सांगितले, जे मला ठाऊकच नव्हते. आणखी दोन गोष्टी विचारते. त्रास वाढला तर रोज घ्यायचे प्रतिबंधक औषध सुरू करू, असे डॉक्टर म्हणाले आहेत. त्याचा कोणाला अनुभव आहे का? शिवाय वर्ज्य पदार्थांची एक लांबलचक यादी एका नातेवाइकांनी पाठवली आहे. ती पाळावी का?

वाटसरू

माझ्या मुलीला १५व्या वर्षी महिन्यातील निम्म्याहून अधिक दिवस डोकेदुखी होती, त्या निमित्ताने या विषयाचे जे वाचन झाले ते सांगतो.

२०१७ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात ८ ते १७ वर्षांच्या मुलांना ॲमिट्रिप्टिलिन किंवा टोपिरामेट ही रोजची प्रतिबंधक औषधे किंवा औषध नसलेली गोळी देण्यात आली. डोकेदुखीचे दिवस निम्म्याने किंवा त्याहून अधिक कमी होण्याचे प्रमाण अनुक्रमे ५२, ५५ आणि ६१ टक्के निघाले, म्हणजे औषधे सरस ठरली नाहीत आणि दुष्परिणाम मात्र औषधांच्या गटांत अधिक होते. यावरून ही औषधे टाकाऊ आहेत असा निष्कर्ष मी काढत नाही. काही मुलांना ती निश्चित लागतात. मला त्यातला आशेचा भाग महत्त्वाचा वाटतो, तो असा की नियमित देखरेख आणि आपली कोणी काळजी घेत आहे ही खात्री मिळाली, तरी बहुसंख्य मुले सुधारतात.

दुसरा अभ्यास २०१३ साली 'जामा' या नियतकालिकात आला होता. त्यात जुनाट मायग्रेन असलेल्या १० ते १७ वर्षांच्या १३५ मुलांना ॲमिट्रिप्टिलिन देण्यात आले. निम्म्या मुलांना जोडीला कॉग्निटिव्ह बिहेव्हिअरल थेरपी (विचार आणि सवयी बदलायला शिकवणारे समुपदेशन) मिळाली, तर उरलेल्यांना डोकेदुखीविषयी केवळ माहिती. २० आठवड्यांनी पहिल्या गटात महिन्यातील डोकेदुखीचे दिवस सरासरी ११.५ ने कमी झाले, दुसऱ्यात ६.८. मुलगी या थेरपीला जाऊ लागली तेव्हा "म्हणजे माझे दुखणे मनाचे खेळ आहेत का?" असा तिचा पहिला प्रश्न होता, आणि तो रास्त होता. वेदना खरीच आहे, तिच्याशी झुंजणाऱ्या शरीराला शांत करण्याचे कसब शिकायचे आहे, हे समुपदेशकांनी तिला समजावले तेव्हाच ती तयार झाली. सावकाश श्वसन, एकेक स्नायू ताणून सैल सोडणे, "आता आठवडा वाया गेला" यासारख्या विचाराला तिथल्या तिथे थांबवणे, अशा गोष्टी ती रोज थोडा वेळ, डोके दुखत नसतानाही, करत असे.

पदार्थांच्या यादीबाबत माझे मत स्पष्ट आहे: ती पाळू नये. जेवण चुकणे किंवा लांबणे हे कोणत्याही एका पदार्थापेक्षा मोठे कारण असते, आणि वाढत्या वयात पंधरा गोष्टी बंद केल्या की मूल अर्धपोटी राहते. त्यातही एक गंमत आहे. झटक्यापूर्वीच्या टप्प्यात गोड खाण्याची तीव्र इच्छा होऊ शकते. मूल चॉकलेट खाते, तासाभराने डोके दुखते आणि दोष चॉकलेटवर येतो. नोंदवहीत तोच पदार्थ पुन्हा पुन्हा दिसला तरच तेवढा काही आठवडे बंद करून पाहावा. कॉफी आणि उत्तेजक पेये मात्र खरोखर मर्यादेत ठेवावीत. नोंदवहीसुद्धा आटोपशीर असावी: तारीख, सुरू झाल्याची वेळ, गोळीची वेळ, उतार कधी पडला आणि शाळा बुडाली का, इतकेच, आणि ती त्याने स्वतः भरावी.

पहाटवारा

वाटसरू यांनी दिलेली माहिती योग्य आहे. त्याला एवढीच जोड देते की प्रतिबंधक औषधाचा विचार साधारणपणे झटके वारंवार येत असतील, किंवा कमी येऊनही शाळा आणि दिनक्रम विस्कटत असेल, तेव्हा केला जातो. सुरू केल्यास त्याला दोन-तीन महिने द्यावे लागतात, आणि काही आठवड्यांत गुण नाही म्हणून परस्पर बंद करू नये. तुमच्या मुलाच्या बाबतीत, गोळी वेळेवर मिळू लागणे आणि झोपेची वेळ स्थिरावणे, या दोन गोष्टी साधून दोन महिन्यांची नोंदवही डॉक्टरांना दाखवली, तर निर्णय सोपा होईल. मुलींच्या पालकांनी हे वाचले तर त्यांच्यासाठी: पाळीच्या दोन दिवस आधीपासून पाळीच्या तिसऱ्या दिवसापर्यंतचे झटके वेगळे नोंदवावेत, कारण त्यांचा उपचार आधीच आखता येतो, टोपिरामेट गर्भाला अपायकारक असल्याने त्याविषयी डॉक्टरांशी मोकळेपणे बोलावे, आणि दृष्टीपुढे रेषा दिसणारे मायग्रेन असल्यास इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक असलेल्या गोळ्या कोणत्याही कारणाने सुरू करण्यापूर्वी ते सांगावे, कारण त्यात पक्षाघाताचा धोका वाढतो.

ओंजळ

मुख्याध्यापकांची भेट ठरवली आहे आणि मुलगा सोबत यायला तयार झाला आहे. त्याने एकच प्रश्न विचारायला सांगितला आहे: शाळेच्या संघातून खेळणे सोडावे लागेल का?

पहाटवारा

मुळीच नाही. नियमित व्यायामाने झटके कमी होण्यास मदत होते आणि झोपही सुधारते, त्यामुळे खेळणे चालू ठेवावे. सरावापूर्वी तास-दोन तास आधी काहीतरी खाल्लेले असावे, मध्ये पाणी प्यावे, उन्हात टोपी घालावी आणि गोळी खेळाच्या पिशवीत असू द्यावी. झटका सुरू असताना मात्र मैदानात उतरू नये, कारण हालचालीने ठणका वाढतो. जोर लावताक्षणी दर वेळी डोके दुखू लागले, किंवा चेंडू अथवा पडण्याने डोक्याला मार बसला, तर ते नेहमीचे मायग्रेन समजून गोळी देऊन थांबू नये. त्याला त्याच दिवशी तपासून घ्यावे.